डेट्रॉइट, मार्गे कुर्ला

अमेरिकन मोटारधंद्याच्या उतरणीवर इंग्रजीत भरपूर लिहून झालं आहे. मग मराठीत आणखी एक पुस्तक कशाला, हा प्रश्न वाचकाला पडणारच. माझं उत्तर असं की ती सगळी पुस्तकं डेट्रॉइटमध्ये उभं राहून लिहिलेली आहेत. त्यांत मुंबई येत नाही. आलीच तर तळटीपेत. उलट आपल्याकडे या विषयावर जे लिहिलं-बोललं जातं त्यात उद्योगपती वालचंद हिराचंद येतात, कामगारनेते दत्ता सामंत येतात, काळ्या-पिवळ्या फियाटच्या आठवणी येतात, पण डेट्रॉइट येत नाही. ही दोन गावं एकमेकांना ओळखतच नव्हती, असंच वाटावं. प्रत्यक्षात १९२८ पासून शिवडीला जनरल मोटर्स गाड्या जुळवत होती, १९४७ मध्ये कुर्ल्यात क्रायसलरच्या परवान्यावर डॉज आणि प्लिमथ बाहेर पडू लागल्या आणि त्याच साली माझगावात महिंद्रांनी विलीज जीप जोडायला घेतली. एकाच शहराच्या पूर्व कडेला, काही मैलांच्या अंतरात.

हे पुस्तक आठवणींचं नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी मोरव्याला राहतो. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालं की मुर्धा, राई आणि मग मोरवा. आमच्या बाजूला मिठागरं आहेत, कारखाने नाहीत. कुर्ल्याला जायचं तर भाईंदरहून लोकल, दादरला पूल चढून सेंट्रलची गाडी. शिवाय इथं राज्य रिक्षांचं. मुंबईची टॅक्सी दारात येऊन थांबणं ही आमच्याकडे रोजची गोष्ट कधीच नव्हती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ रोजी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे तीच काळी-पिवळी फियाट टॅक्सी, मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची उतरली तेव्हा वर्तमानपत्रांत जो उमाळा आला, त्यात सूर मिसळायची सोय मला नव्हती. मला कुतूहल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. तिचा सांगाडा मात्र इटलीत फियाटने १९६०च्या दशकातच मोडीत काढला होता. एवढा काळ एकच गाडी विकता येते याचा अर्थ ती फार चांगली होती, की घेणाऱ्यापुढे दुसरा रस्ता नव्हता? या प्रश्नाचा पाठलाग करत गेलो तर तो मला अटलांटिकपलीकडे घेऊन गेला.

गोष्ट वालचंदांपासून सुरू होते असं मानायची पद्धत आहे, पण आराखडा त्यांच्याआधीचा. १९३०च्या दशकाच्या मध्यावर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या युरोप-अमेरिकेत फिरून आले, डेट्रॉइट पाहिलं आणि मुंबई इलाख्यात मोटारींचा कारखाना काढण्याची योजना त्यांनी मांडली. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने तिला सहानुभूती दाखवली, भांडवलावरच्या व्याजाला सरकारी हमी द्यायचीही तयारी होती. मग महायुद्ध आलं, काँग्रेसची मंत्रिमंडळं राजीनामे देऊन बाहेर पडली आणि हमी हवेत राहिली. सोलापूरचे वालचंद १९३९ मध्ये अमेरिकेला गेले ते या योजनेसाठी भागीदार शोधायला. फोर्डशी जमलं नाही. फोर्डच्या घरच्या वाटणीत हिंदुस्थान हा कॅनडातल्या कंपनीच्या ताटात होता. क्रायसलरशी १९४० मध्ये करार झाला. त्याच प्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन विमानवाल्याशी त्यांची ओळख झाली आणि तिच्यातून बंगळूरचा विमानांचा कारखाना उभा राहिला. विमानं युद्धाला हवी होती, म्हणून दिल्लीने त्याला वाट दिली. मोटारींच्या कारखान्याला मात्र ना यंत्रसामग्री आणायची मुभा, ना मागणीचं आश्वासन. कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाईल्स नोंदली गेली १९४४ मध्ये आणि पहिली गाडी निघाली ती स्वातंत्र्याच्या वर्षात. गं. दे. खानोलकरांनी लिहिलेल्या वालचंदांच्या मराठी चरित्रात हा झगडा सविस्तर आहे. मी त्यातलं तेवढंच घेतलं आहे जेवढं डेट्रॉइटशी जोडता येतं.

आता त्या काळातलं डेट्रॉइट. फेब्रुवारी १९४२ मध्ये युद्धासाठी अमेरिकेत खासगी मोटारींचं उत्पादन थांबलं आणि १९४५च्या मध्यानंतर पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात लोकांच्या जुन्या गाड्या खिळखिळ्या झाल्या होत्या, आणि युद्धकाळात खर्च करायला जागा नसल्याने हातात पैसा साठला होता. १९४६ साली शोरूममध्ये जे आलं ते बहुतांशी १९४२चंच मॉडेल होतं, पुढची जाळी तेवढी नवी. तरी लोक नंबर लावून घेऊन गेले. हे वर्ष मला फार महत्त्वाचं वाटतं. धंद्यातल्या एका पिढीला तेव्हा शिकवण मिळाली की जुनाच माल नव्या मुखवट्याने खपतो. कुर्ल्यात खोक्यांतून सुटे भाग उतरू लागले तेही याच मोसमातले.

या पुस्तकाचं म्हणणं एवढंच आहे: गिऱ्हाईक हमखास मिळू लागलं की कारखान्याला त्याचं ऐकू येईनासं होतं. डेट्रॉइटला ते गिऱ्हाईक बाजारावरच्या पकडीतून मिळालं, कुर्ल्याला सरकारी परवान्यातून. वाटा वेगळ्या, आजार एक. आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे त्याचं निदान केलं ते जपान्यांनी. तिकडे टोयोटा, दात्सुन आणि होंडाने, इकडे सुझुकीने.

पकड केवढी होती? १९५०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर शंभर गाड्यांतल्या नव्वदाहून अधिक जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायसलर या तिघांच्या असत. एकट्या जनरल मोटर्सचा वाटा जवळपास निम्मा. बाकीच्या छोट्या कंपन्यांची कहाणी हा या विषयातला सर्वांत करुण भाग आहे आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा. हेन्री कायझरने युद्धात जहाजं धडाधड बांधून नाव कमावलं, त्याच धडाक्यात तो मोटारींत उतरला आणि दहा वर्षांत अमेरिकेतला मोटारींचा बाजार सोडून जीपपुरता उरला. प्रेस्टन टकरने १९४८ मध्ये पन्नासेक गाड्या बनवल्या आणि कोर्टात गेला. सुटला निर्दोष, पण कारखाना गेला. नॅश आणि हडसन १९५४ मध्ये एकत्र येऊन अमेरिकन मोटर्स झाल्या. त्याच वर्षी स्टुडबेकरने पॅकार्डशी संसार मांडला. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या वाड्यांत दिमाखात उभी असणारी पॅकार्ड, तिचं नावसुद्धा १९५८ नंतर गाडीवर उरलं नाही.

स्टुडबेकरवर मी एक अख्खं प्रकरण खर्च केलं आहे आणि त्याबद्दल संपादकांशी थोडी हुज्जतही झाली. कारण असं. डिसेंबर १९६३ मध्ये या कंपनीने इंडियाना राज्यातल्या साऊथ बेंडचा कारखाना बंद केला. पेन्शन फंडात पुरेसा पैसा नव्हता. साठी गाठलेल्यांना पूर्ण पेन्शन मिळालं. चाळीस ते साठच्या मधल्या, वर्षानुवर्षं राबलेल्या हजारो कामगारांच्या पदरात हक्काच्या रकमेचा साधारण सातवा हिस्सा पडला, आणि चाळिशीच्या आतल्यांना काहीच नाही. यातूनच पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत पेन्शनच्या रक्षणाचा कायदा झाला. मुंबईतल्या बंद गिरण्या आणि कारखाने ज्याने पाहिले आहेत त्याला हे प्रकरण परदेशातलं वाटणार नाही.

तिघांच्या पकडीतही क्रायसलर सर्वांत डळमळीत. १९५७च्या तिच्या लांब शेपट्यांच्या गाड्या दिसायला अशा की जनरल मोटर्सच्या डिझाइनवाल्यांनी हातातलं काम टाकून नव्याने आरेखनं काढली. पण त्या घाईने बनवलेल्या होत्या. पत्रा लवकर गंजे, पावसाचं पाणी आत येई. शेपटी वाढवायला वेळ होता, पत्र्याला नव्हता. डी सोटो हे क्रायसलरचं एक नाव, कुर्ल्यातूनही निघालेलं, नोव्हेंबर १९६० मध्ये अमेरिकेत बंद झालं. प्लिमथ २००१ पर्यंत टिकली. डेट्रॉइटची चूक नवं काही न करण्याची होती असं म्हणता येत नाही. दरवर्षी ते बाहेरचा पत्रा बदलत होतं आणि आतलं यंत्र तसंच ठेवत होतं. कुर्ल्याने पत्राही बदलला नाही.

याला कुर्ल्याचा नाइलाज म्हणायचं की सोय, यावर मी बराच काळ ठाम नव्हतो. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालावरून सरकारने धोरण ठरवलं की ज्यांना टप्प्याटप्प्याने इथंच भाग बनवायचे आहेत त्यांनीच राहावं. नुसती खोकी उघडून जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. शिवडीचं काम १९५४ मध्ये थांबलं. प्रीमियर राहिली. पण पेट्रोल पिणारी सहा सिलिंडरची अवजड अमेरिकन गाडी इथल्या खिशाला परवडेना, म्हणून १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तिने इटलीच्या फियाटशी करार केला आणि १९५४ पासून फियाट ११०० बनवायला घेतली. ट्रकांत डॉज आणि फार्गो चालू राहिले, पण तिथं टाटांनी मर्सिडीज-बेन्झ आणून त्यांची जागा आखडली. म्हणजे युद्धानंतर अवघ्या दहा वर्षांत अमेरिकन प्रवासी मोटार मुंबईत मागे पडली होती. अमेरिकेत बसून हे कुणाला इशारा वाटलं नाही. गरीब देशाची अडचण वाटली असावी.

त्यानंतरची तीस वर्षं फियाटची. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला गिअर, कुठल्याही नाक्यावर मेस्त्री उघडून बसेल अशी साधी रचना. आधी सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट अशी नावं; इटलीचा परवाना संपल्यावर १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. गाडी नोंदवायची आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची, ही सवयीची गोष्ट झाली. किंमत किती असावी हेही सरकारच ठरवे: १९६९ मध्ये तसा हुकूम निघाला, कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७१ मध्ये न्यायमूर्तींना मोटारीच्या रास्त किमतीचा हिशेब करत बसावं लागलं. किती गाड्या बनवायच्या हे परवाना सांगणार, किती रुपयांना विकायच्या हे हुकूम सांगणार, आणि माल तर बनण्याआधीच विकला गेलेला. अशा वेळी नव्या गाडीच्या डायवर पैसे घालणारा मालक व्यापारी नव्हे, संत म्हणावा लागेल. म्हणून माझा कौल असा, की सुरुवात नाइलाजाने झाली आणि पुढे ती सोय झाली.

डेट्रॉइटला संधी होती आणि त्याने ती ओळखलीही. अमेरिकन मोटर्सच्या जॉर्ज रॉम्नीने रॅम्बलर ही आटोपशीर गाडी १९५०च्या दशकाच्या शेवटी चांगली खपवून दाखवली. जर्मन फोक्सवॅगन आली होतीच. तिघांनीही छोट्या गाड्या काढल्या, पण त्यांवर नफा थोडा, म्हणून मन नव्हतं. मग गाड्यांच्या असुरक्षिततेवरचं राल्फ नेडरचं १९६५ चं पुस्तक, सुरक्षेचे कायदे, १९७३ ची तेलटंचाई. जपानी गाड्या तोवर पश्चिम किनाऱ्यावर उतरून दुरुस्त्या, सुधारणा करत दहा-पंधरा वर्षं शिकत होत्या. क्रायसलर १९७९-८० मध्ये दीड अब्ज डॉलरच्या सरकारी कर्जहमीवर वाचली. इकडे डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावहून मारुती ८०० निघाली आणि दोन-चार वर्षांत फियाटचं घरगुती गिऱ्हाईक तिकडे वळलं. उरले टॅक्सीवाले. प्रीमियरने निसानचं इंजिन बसवून ११८ एनई काढली, पण अंगावर पुन्हा फियाटचाच जुना साचा.

आता युनियनचा मुद्दा. हा टाळून पुढे जाता येत नाही, आणि कुठल्याही बाजूने लिहिलं तरी शिव्या बसणार. वॉल्टर रूथरच्या मोटार-कामगार संघटनेने १९५० मध्ये जनरल मोटर्सशी पाच वर्षांचा करार केला. पगार महागाईशी बांधला, पेन्शन मिळालं आणि औषधपाण्याच्या खर्चात कंपनीने वाटा उचलला. बदल्यात काय बनवायचं, कसं बनवायचं हे मालकाने ठरवायचं. कुर्ल्यात दत्ता सामंतांनी प्रीमियरच्या कामगारांना घसघशीत पगारवाढ मिळवून दिली आणि मुंबईभरच्या कारखान्यांत त्यांचं नाव झालं. गिरणी संप त्याच्या पुढचा. उत्पादनवाढीच्या बोनसवरून प्रीमियरमध्ये झालेला एक तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि औद्योगिक वाद दिवाणी कोर्टाने ऐकावा की नाही, यावरचा १९७५ चा तो निवाडा कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. युनियननी कारखाने बुडवले, हे वाक्य दोन्ही शहरांत सारख्याच सहजतेने ऐकू येतं. माझ्या मते मक्तेदारीचा नफा वाटून घ्यायला युनियन आली यात नवल नाही, पण ती मक्तेदारी युनियनने आणली नव्हती. गाडीचं डिझाइन कामगाराला कुणी विचारलं नव्हतं. मात्र दोन्हीकडच्या नेत्यांना बाजार बदलल्याची जाणीव उशिरा झाली, हेही लिहायला हवं आणि पुढे ते लिहिलं आहे.

१९९०च्या दशकात प्रीमियरने कल्याणच्या बाजूला प्यूजोबरोबर आणि कुर्ल्यात पुन्हा फियाटबरोबर घरोबा केला. प्यूजो काही वर्षांतच परतली. फियाटच्या उनोसाठी बुकिंगला झुंबड उडाली, पण संपाने ग्रासलेल्या कारखान्यातून गाड्या वेळेत निघेनात. पद्मिनीचं उत्पादन शतक बदलताना थांबलं. आज कुर्ल्यात प्रीमियर रोड हे नाव आहे आणि कारखान्याच्या जागेवर टोलेजंग इमारती आहेत. सुटे भाग हवे असतील तर अजूनही सीएसटी रोडवरच्या जुन्या मालाच्या दुकानांत विचारावं.

अमेरिकेत १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्ती असलेलं डेट्रॉइट २०१० मध्ये सात लाखांवर आलं होतं. १९६५ नंतर व्हिसाचे नियम सैल झाले तेव्हा पुण्या-मुंबईचे कितीतरी मराठी इंजिनिअर तिथल्या तीन कंपन्यांत लागले आणि ट्रॉय, नोव्हाय अशा उपनगरांत स्थिरावले. ज्या धंद्याने त्यांना नेलं त्याची ओहोटी त्यांनी आतून पाहिली. एप्रिल २००९ मध्ये क्रायसलर दिवाळखोरीत गेली, जूनमध्ये जनरल मोटर्स. क्रायसलरला हात दिला तो फियाटने. कुर्ल्यात क्रायसलर आणि फियाट एका छपराखाली नांदल्या होत्या त्याला तेव्हा अर्धशतक उलटून गेलं होतं.

जीपचं प्रकरण शेवटी ठेवलं आहे, कारण ते माझ्या म्हणण्याला आडवं जातं. विलीजची जीप अमेरिकेत हातोहात फिरली: १९५३ मध्ये कायझरकडे, १९७० मध्ये अमेरिकन मोटर्सकडे, १९८७ मध्ये क्रायसलरकडे. महिंद्रांनी तीच गाडी परवान्याच्याच राज्यात, तितक्याच निश्चिंतीत बनवली. मग ती का बुडाली नाही? मला सापडलेलं उत्तर असं, की जीपचं गिऱ्हाईक शहरातलं नव्हतं. सरकारी खाती होतीच, पण शेतकरी आणि वडापवाला हे हिशेबी लोक. त्यांना पेट्रोल परवडत नव्हतं, म्हणून डिझेल इंजिन आलं. त्यांना माणसं जास्त बसवायची होती, म्हणून मागचं अंग लांबलं आणि कमांडर निघाली. सांगली-साताऱ्याच्या रस्त्यांवर दारं धरून लोंबकळणाऱ्या प्रवाशांनी तिची जी परीक्षा घेतली ती कुठल्याही प्रयोगशाळेत झाली नसती. २०१८ मध्ये महिंद्रांनी या घराण्यातली रॉक्सर मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्सला, भारतातून नेलेले सुटे भाग जोडून विकायला काढली. क्रायसलरचं मुख्यालय त्याच गावात. फियाट-क्रायसलरने तक्रार केली की ही आमच्या जीपची नक्कल आहे. २०२० मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ती मानली आणि महिंद्रांना तिचा तोंडवळा बदलावा लागला. कोण कुणाची नक्कल करतं, हा वाद त्या प्रकरणात मी कायद्याच्या चौकटीबाहेरही थोडा चालवला आहे.

अमेरिकन कंपन्या महाराष्ट्रात दुसऱ्यांदा आल्या त्याची हकीकत मी आवरती घेतली आहे. महिंद्रांच्या सोबतीने फोर्डची एस्कॉर्ट नाशिकला बनली, जनरल मोटर्सने २००८ मध्ये तळेगावला कारखाना उघडला, जीप कंपास २०१७ पासून रांजणगावला निघते आहे. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन आवरायचं जाहीर केलं. तळेगावचं उत्पादन २०२० च्या अखेरीस थांबलं, कामगारांच्या भरपाईचा वाद कोर्टात गेला, आणि २०२३ मध्ये कारखाना घ्यायचा करार केला तो कोरियाच्या ह्युंदाईने. या घडामोडी अजून ताज्या आहेत. त्यांवर ठाम मत द्यायला मी धजावलो नाही.

दुचाकी, ट्रॅक्टर आणि कलकत्त्याची अँबॅसडर यांना इथं जागा नाही. अँबॅसडर वगळल्याबद्दल काही जण रागावतील, पण तिचं मूळ विलायतेत आहे आणि तिची गोष्ट वेगळ्या पुस्तकाची. किमतीचा आणि बोनसचा असे दोन न्यायालयीन निवाडे मात्र मी विस्ताराने घेतले आहेत. ज्यांना फक्त गाड्यांत रस आहे त्यांनी ते प्रकरण ओलांडून थेट जीपकडे जावं.

— मोरवा, भाईंदर (पश्चिम)